कमरेत चमक भरली तर? पायाळू काकूंपासून एमआरआयपर्यंत

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

मी जामनेरहून बोलतोय, आणि आजचा एपिसोड उभ्याने रेकॉर्ड करतोय. का, ते पुढे कळेलच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजलेले, दहाला मीटिंग. आईने आवाज दिला, "सिलिंडर संपला रे, तेवढा भरलेला आत आणून दे." घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, रिकामी टाकी साधारण तेवढीच, म्हणजे सगळं मिळून तीसेक किलो. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा मी गेलो, वाकलो, झटक्यात उचलला आणि तसाच वाकलेला अंगणात थांबलो. कमरेत खिळा ठोकावा अशी कळ. शिंकलो तरी जीव जायचा. ओसरीवरून आजी म्हणाली, "उसण भरली त्याला. काकूंना बोलवा."

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. त्या पायाळू आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जन्मताना ज्याचे डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. आपल्याकडे समज असा, की अशा माणसाने चमक भरलेल्या कमरेला पाय लावला की चमक निघून जाते. खान्देशातच नाही, महाराष्ट्रात बऱ्याच गावांत हे चालतं. काकू आल्या, हसत हसत त्यांनी कमरेला तीनदा पाय लावला, चहा घेतला आणि गेल्या.

आणि चौथ्या दिवशी मी बरा झालो! आजी अजून सगळ्यांना सांगते, "बीटेक झाला, पण कंबर काकूंनीच सरळ केली."

आता प्रश्न असा, की खरंच काकूंनी केली का?

श्रेय कोणाला?

आमच्या धंद्यात एक गंमत होते. सर्व्हर बंद पडतो, दहा जण दहा बटणं दाबतात, आणि तो मधेच आपोआप सुरू होतो. मग ज्याने शेवटचं बटण दाबलं, तो हिरो. कमरेचं अगदी तसंच आहे. अचानक भरलेली चमक, जिच्यामागे दुसरा मोठा आजार नाही, ती बहुतेकांची काही दिवसांत हलकी होते आणि सहा आठवड्यांच्या आत बरीचशी जाते. आपण काही केलं तरी आणि नाही केलं तरी. आणि माणूस उपाय कधी करतो? दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. तिथून पुढे ते उतरणारच असतं. मग पाय लावला तर काकूंना श्रेय, बाम चोळला तर बामला, इंजेक्शन घेतलं तर इंजेक्शनला.

म्हणून आजची मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. "कशाने बरं वाटलं" एवढंच विचारू नका, कारण बरं बहुतेक वेळा वाटणारच आहे. विचारायचं ते असं: या उपायाने माझं नुकसान तर होत नाही ना? आणि हा उपाय मला उठवून चालता करतो, की अंथरुणात पाडून ठेवतो? या दोन चाळण्यांतून घरचे सगळे उपाय गाळून बघू.

काकूंचा पाय? हलका लावला तर नुकसान नाही, शिवाय माणूस उठून बसतो. पास! पण काही ठिकाणी पाय लावण्याऐवजी लाथ मारतात, कोणी पाठीवर उभं राहतं, कोणी मान-कंबर कडकड मोडून देतं. ते नापास. विशेषतः म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ झालेली असतात, तिथे हा खेळ अजिबात नको.

आधी धोक्याच्या खुणा

घरगुती उपायांकडे जाण्याआधी हे नीट ऐका. खालीलपैकी काही असेल तर शेक-बाम करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

लघवी किंवा संडासवर ताबा राहत नाही, लघवी अडकते, किंवा सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झालाय: त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. पायातली ताकद कमी होतेय, चप्पल पायातून निसटतेय: उशीर नको. पडल्यावर किंवा गाडीच्या धक्क्यानंतर दुखणं सुरू झालं. सोबत ताप आहे, वजन उतरतंय, रात्री घाम येतो: आपल्याकडे मणक्याचा टीबी असतो हे विसरू नका. आधी कधी कॅन्सर झालेला आहे.

अजून दोन गोष्टी. कंबरेच्या एका बाजूने कळ येऊन जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते-जाते, कसंही बसलं-झोपलं तरी फरक पडत नाही, तर तो मुतखडा असू शकतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि कमी पाणी पिण्याची सवय बघता ही शंका ठेवायचीच. दुसरं, वय तिशीच्या आत-बाहेर, तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखतंय, सकाळी उठल्यावर अर्धा तास पाठ लाकडासारखी असते, आणि आराम केल्याने वाढतं पण हालचालीने कमी होतं: ही सांध्यांच्या एका वातविकाराची खूण असू शकते. रक्ताची तपासणी लागते, बाम नाही.

यातलं काहीच नसेल तर पुढे ऐका.

झोपून राहायचं की उठायचं?

मला प्रत्येकाने सांगितलं, "पडून राहा, हलू नको." वर्षानुवर्षं डॉक्टरही हेच सांगायचे. मग १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. अचानक कंबर धरलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर कोण सुधारलं? तिसरा गट.

कारण सोपं आहे. दुखलं की कमरेचे स्नायू आपोआप आवळून धरतात, पहारेकऱ्यासारखे. आपण हललोच नाही, की पहारा उठत नाही. शिवाय मनात भीती बसते, "वाकलो तर काहीतरी तुटेल." मग आपण काठीसारखे ताठ चालतो आणि त्या ताठपणानेच अजून दुखतं.

म्हणजे कळ आली त्या दिवशी सिलिंडर उचला असं नाही! पहिला दिवस-दीड दिवस असा काढा: जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपा, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवा, म्हणजे गुडघे काटकोनात येतील. कुशीवर झोपायचं तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. आणि जागे असताना दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. थोडं दुखेल. थोडं दुखणं म्हणजे नुकसान नाही, हे स्वतःला सांगत राहा.

शेक, तेल, बाम

शेक ही आजीची गोष्ट खरी निघाली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ साली नियमावली काढली, त्यात अचानक दुखणाऱ्या कमरेसाठी गोळ्यांच्या आधी शेक आणि मालिश सुचवलंय. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, आवळलेला स्नायू सैल होतो. रबरी पिशवी असेल तर उत्तम. नसेल तर जाडं मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून सुती फडक्याची पुरचुंडी बांधा. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पुरचुंडी आधी हाताच्या मनगटावर लावून बघा. मधुमेहामुळे ज्यांची कातडी बधिर आहे त्यांना चटका बसलेला कळत नाही, त्यांना दुसऱ्याने शेक द्यावा. शेक घेतल्यावर लगेच थोडं चाला, हे विसरू नका. सैल झालेला स्नायू वापरला तरच फायदा.

बर्फ? पडून-आपटून सूज आली असेल तर पहिला दिवस ठीक. नुसत्या चमकेला बहुतेकांना गरमच बरं वाटतं.

निर्गुडीचा पाला, ओवा-लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल, हे घराघरात आहे. तेल हाडापर्यंत जात नाही. काम करतो तो चोळणारा हात आणि उष्णता. तेल हाताला सरकायला मदत करतं, एवढंच. तरी दोन्ही चाळण्यांतून पास. फक्त मणक्याच्या हाडावर जोर नको, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर चोळा.

बाममधला पुदिन्याचा अर्क कातडीला गार-गरम भासवतो. मेंदूकडे हा निरोप जातो आणि दुखण्याचा निरोप थोडा मागे पडतो. आपटलेला गुडघा आपण चोळतो तेव्हा हेच होतं. बाम लावून वरून गरम पिशवी मात्र ठेवू नका, कातडी भाजते.

कमरेचा पट्टा? दोन-चार दिवस प्रवासापुरता ठीक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असं म्हटलंय. व्यायाम आणि नीट माहिती देणं हे मात्र करायच्या यादीत आहे.

गोळ्या आणि पुड्या

इथे जरा गंभीर होतो. माझी मावशी कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे कंबर दुखली म्हणून बसणं परवडत नाही. दोन हंगाम ती एका ठिकाणाहून सुट्ट्या गोळ्यांची पुडी आणायची. तीन रंगांच्या गोळ्या, नाव कशावरच नाही. खाल्ली की संध्याकाळपर्यंत टकाटक. मग एके दिवशी चक्कर आली, संडास डांबरासारखी काळी. पोटात रक्तस्राव होत होता. रक्त चढवावं लागलं. कंबर तिथल्या तिथेच, वर पोट गेलं.

साधी पॅरासिटामॉल कमरेच्या चमकेला फारशी लागू पडत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात हजारावर लोकांवर बघितलं, तर खोट्या गोळीपेक्षा ती काही जास्त उपयोगी ठरली नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पण त्या जठराला आणि किडनीला त्रास देऊ शकतात. डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. अल्सर, किडनीचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, डेंग्यूची शंका असलेला ताप, यात स्वतःच्या मनाने नाहीच. आणि नाव नसलेली पुडी कधीच नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर आज हलकं वाटतं, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पहिल्या चाळणीत, नापास.

"मणक्यात गॅप आलाय"

आता माझी दुसरी चूक. चौथ्या दिवशी बरा झालो, दोन महिन्यांनी पुन्हा थोडं दुखलं. घाबरून स्वतःच एमआरआय काढून आलो. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलीय. झालं! "मणक्यात गॅप", "नस दबली", "ऑपरेशन करावं लागतं भो". तीन आठवडे मी खाली पडलेला चार्जरही उचलला नाही. सुट्ट्या संपल्या, मॅनेजरचे मेसेज, रात्री झोप नाही. दुखणं कमी आणि भीती जास्त.

मग एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं. मणक्यांच्या मधली चकती म्हणजे बाहेरून चिवट कडी, आतून मऊ गर. वय वाढलं की ती थोडी वाळते, थोडी फुगते, जसे केस पांढरे होतात. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा निघाला! २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज केली, तर विशीतल्या धडधाकट माणसांतही साधारण ३० टक्क्यांना फुगवटा होता. म्हणजे माझा फुगवटा सिलिंडरच्या आधीपासूनही असेल. फोटोत दिसतं ते सगळंच दुखत नसतं. पायात कळ उतरतेय, मुंग्या येतायत, ताकद कमी झालीय, तर फोटोला अर्थ आहे, आणि तो कधी काढायचा ते डॉक्टर ठरवतील. तेव्हाही फुगलेल्या चकत्या बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतात.

ते ऐकल्यावर मी मॅडमच्या समोर वाकून बुटाची लेस बांधली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

रोजची दहा मिनिटं

कळ उतरल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, हे सुरू करता येतं. प्रत्येक दहा वेळा, श्वास न रोखता.

एक: उताणं झोपून एकेक गुडघा छातीकडे घ्यायचा, म्हणजे एका पायाचं पवनमुक्तासन. दोन: हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी वर फुगवायची, मग हळू खाली सोडायची, मार्जारासन. तीन: उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, पाच आकडे मोजायचे, सेतुबंधासन. चार: पालथं झोपून कोपरांच्या आधाराने छाती वर. कुठल्याही प्रकारात कळ पायाकडे उतरायला लागली तर तो प्रकार थांबवा.

पूर्ण आसन जमलंच पाहिजे असं नाही. बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातली संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. तिथली पद्धत प्रसिद्ध झाली ती याचसाठी, की खुर्ची, दोरी, पट्टा, घोंगडी यांचा आधार घेऊन ताठ शरीराच्या माणसालाही आसन करता येतं. आपल्या घरी भिंत, खुर्ची आणि उशी असतेच.

आणि चालणं! २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण. अर्ध्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत. न चालणाऱ्यांचं दुखणं मध्यम हिशोबाने ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. खर्च शून्य. मी संध्याकाळी जिथे पूर्वी आपली पीजे यायची, त्या स्टेशनकडे चक्कर मारतो. तुमचा एखादा पॉडकास्ट तेवढ्यात ऐकून होतो!

खुर्ची आणि कापूस

लॅपटॉपवाल्यांनो, "बरोबर बसायची पद्धत" असं एकच काही नसतं. एकाच पद्धतीत दोन तास बसणं हा खरा त्रास. दर अर्ध्या तासाने उठा. मी पाण्याची मोठी बाटली काढून छोटा पेला ठेवलाय, म्हणजे उठावंच लागतं. मीटिंगमध्ये बोलायचं नसेल तर उभा राहतो. आजही म्हणूनच उभा आहे. खाटेवर झोपून मांडीवर लॅपटॉप मात्र बंद केला.

मावशीला अर्ध्या तासाने उठ म्हणणं सोपं नाही. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या. कमरेला बांधलेली ओटी गच्च भरेपर्यंत ओढायची नाही, अर्धी झाली की रिकामी करायची. आणि ओळ संपली की सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून, पाच वेळा मागे झुकायचं. त्याला अर्धा मिनिट लागतो. तिच्या सोबतच्या बायका आधी हसल्या, आता त्याही करतात.

आणि नुसतं अंग दुखत असेल तर?

हे खास पोलीस भरतीवाल्या भावा-बहिणींसाठी. पहिल्या दिवशी जोशात १६०० मीटर पळालात, गोळा फेकलात, शंभर उठाबशा मारल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. ही चमक नाही. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते, ती भरून येतानाचं हे दुखणं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हे मांडलं. "लॅक्टिक ॲसिड साठलं" हे खरं नाही, ते व्यायामानंतर तासाभरात निघून जातं. अजिंठ्याला व्ह्यू पॉइंटवरून उतरून आल्यावर चढण्यापेक्षा उतरण्याने मांड्या जास्त दुखतात ना? कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तिथे इजा जास्त.

उपाय: दोन-तीन दिवस हलकं चालणं, कोमट पाण्याने अंघोळ, झोप, डाळ-अंडी-शेंगदाणे. पोटरी आणि मांडीवर लाटणं हलक्या हाताने फिरवा, पाठीसाठी भिंत आणि पाठीच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून सरका. स्वयंपाकघरातलं लाटणं धुऊन परत ठेवा, नाहीतर दुसरं दुखणं उभं राहील! लघवी चहासारखी काळपट झाली आणि स्नायू सुजले तर मात्र लगेच दवाखाना, किडनीला धोका असतो.

तर मंडळी, सारांश एवढाच. धोक्याच्या खुणा बघा. त्या नसतील तर घाबरू नका, शेक घ्या, उठा, चाला, नाव नसलेली पुडी टाळा. बाकी काम बहुतेक वेळा शरीरच करतं.

परवा काकूंचीच कंबर धरली होती. आजी म्हणाली, "आता हिला कोण पाय लावणार?" मी मिठाची पुरचुंडी करून दिली आणि संध्याकाळी दोघींना घेऊन पीजेच्या स्टेशनपर्यंत चालत गेलो. चार-पाच दिवसांत काकू बऱ्या झाल्या. श्रेय मला मिळालं. घेतलं नाही म्हणत नाही, पण ते माझं नव्हतं हे तुम्हाला आता माहीत आहे.

हा एपिसोड तुमच्या घरातल्या त्या एका माणसाला ऐकवा, जो रोज पुडी खातो. भेटू पुढच्या वेळी. तोपर्यंत, बसून ऐकत असाल तर उठा की राव!